पापनाशमजवळची तीन मडकी

तंजावूरला लोक मोठं देऊळ बघायला जातात. मी मडकी घ्यायला गेलो. साठच्या दशकातली गोष्ट. माझी थोरली बहीण सुधाताई तिकडच्या मराठी घरात दिलेली. आदल्या वर्षी कावेरीला नवं गढूळ पाणी आलं तेव्हा तिची चार वर्षांची मीनू पोटाने इतकी आजारी पडली की वाचते की नाही अशी वेळ आली होती. यंदा पाणी यायच्या आत घरात गाळणी हवी, असं ताईने ठरवलं होतं. आणि सासूबाईंना पटवायला माहेरचं माणूस हवं होतं.

पुण्याहून मद्रास मेल. जाणार असाल तर एक लक्षात ठेवा : मद्रासला सेंट्रलवर उतरून एग्मोरला जावं लागतं, आणि जटकावाला, म्हणजे तिकडचा टांगेवाला, भाडं आधी न ठरवता बसवतो. पुढची छोट्या रुळांची गाडी सावकाश जाते, पण कॉफी प्रत्येक स्टेशनावर झकास.

तंजावुरात देऊळ पाहिलं, दुपारी केळीच्या पानावर पोटभर जेवलो आणि बाजारात स्वस्तात तीन मडकी घेतली. पापनाशमच्या बसमध्ये ती मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "घरी लग्न का?"

ताईच्या गावी पोहोचताच तिने ओसरीवर बांबूची तिकटी उभी केली. ग्रामसेविकेने दाखवलं होतं तसं वरच्या मडक्यात कोळसा, मधल्यात वाळू, दोन्हींच्या बुडाला भोक आणि भोकात काथ्याचा बोळा. खालच्यात गाळलेलं पाणी जमायचं, ते उकळून प्यायचं.

तिच्या सासूबाई, अम्मा, उंबऱ्यातूनच बघत होत्या. "हा कोळसा कुणाच्या चुलीचा अहे? वाळूवरून कोण कोण चालून गेलं? हे पाणी मी देवाला दाखवायचं?"

सोवळ्याला तिकडे मडी म्हणतात. मी म्हटलं, "अम्मा, कॉफी तर तुम्ही रोज गाळूनच पिता."

"कॉफी मी देवाला दाखवत नाही."

ताईचा आवाज चढला. "मग मडीत तुम्हीच करा! मीनूला पुन्हा तसं झालं तर देवाला काय दाखवणार आहात?"

अम्मा आत गेल्या. रात्रीचं जेवण मुकाट्याने झालं. डांगराची पचडी, उडदाचं पीठ दह्यात कालवलेली, मला तिसऱ्यांदा वाढली गेली, तीही मुकाट्याने.

सकाळी उठलो तर ओसरीवरची तिकटी गायब. अम्मांनी ती स्वयंपाकघरात नेली होती. पहाटे नदीवर बुडी मारून, ओल्या लुगड्याने पात्रातली वाळू आणून त्या धूत बसल्या होत्या. चुलीत नारळाच्या करवंट्या जळत होत्या, कोळशासाठी.

"हात लावायचा नाही," त्यांनी मला बजावलं. ताईकडे वळून म्हणाल्या, "तूही नाही."

"मग प्यायचं कसं?"

"मी देतें ना."

चार दिवसांनी नवं पाणी आलं, दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. बायका फुलं वाहायला नदीवर गेल्या आणि परतताना अम्मांच्या दारात थबकल्या. भांड्यात निवळ पाणी होतं. अम्मांनी प्रत्येकीच्या चेंबूत, म्हणजे तांब्यात, उंचावरून, न शिवता धार धरली. "उकळून पी गं," प्रत्येकीला तमिळमध्ये सांगत होत्या. जणू गाळणी त्यांच्याच माहेरची.

मी पुण्याला परतलो. देवळाचं शिखर अजून डोळ्यांसमोर येतं, पण त्याआधी ती उंच धार येते. पावसाळा संपल्यावर ताईचं पत्र आलं. मीनू ठणठणीत होती. गल्लीत आणखी तिकट्या उभ्या राहिल्या होत्या, प्रत्येकीजवळ एकेक म्हातारी पहाऱ्याला. ताईला मात्र स्वतःच्या गाळणीला अजून बोट लावायची परवानगी नव्हती.

कोळसा आणि वाळू वरचेवर बदलायला हवी, असं ग्रामसेविकेने बजावलं होतं. अम्मांना ते सांगायची सोय नव्हती. पण मातीचं भांडं एकदा विटाळलं की ते टाकून सगळं नव्याने करावं लागतं.

ताईने लिहिलं होतं, "त्याची काळजी नको. पंधरवड्याला एकदा मीनू आत जाते आणि मडक्यांना हात लावून येते. मीच पाठवते."