शनिवारी रुसणारी गाडी

हिलाल नाना बॉनेट उघडण्याआधी चौकशी करतात. धुळ्यातले बाकीचे मिस्त्री आधी पाना काढतात आणि मग डोकं खाजवतात. माझ्या तीस वर्षांच्या गाडीचे प्लग, कॉईल, कंडेन्सर, सगळं बदलून झालं, तरी दर शनिवारी सकाळी बाईसाहेब ढिम्म. रविवारी पहिल्या चावीला सुरू! वैताग नुसता.

शेवटी सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, निर्वाणीचं सांगितलं की या शनिवारी दुपारी बारापर्यंत दोष सापडला नाही तर गाडी भंगारात. मी चिडून हो म्हणून बसलो. भंगारवाल्याला फोनही तिनंच केला. माझा जीव तीळ तीळ तुटत होता.

नाना नऊ वाजता आले. आधी चहा प्यायले. मग गाडी कुठं उभी असते, शनिवारी कुठं जाते, कोण धुतं, असं डॉक्टरसारखं विचारत बसले. मी म्हटलं, शनिवारी शिरपूरला शेतावर जायचं असतं, नाना, आता बघा तरी. तर म्हणे, घाई कसाले?

अखेर बॉनेट उघडलं. वर गोधडी धरून अंधार केला, आत डोकं घातलं आणि मला चावी फिरवायला लावली. मग मलाही आत बोलावलं. चारही प्लगांना करंट वाटून देणारी ती काळी टोपी ओली होती, आणि निळी ठिणगी प्लगकडे जायची सोडून तिच्यावरूनच सरपटत होती. टोपीवर ओल्या हळद-कुंकवाची पाचही बोटं उमटलेली.

सुनंदा दारात उभी होती. तिचा चेहरा पडला.

"दर शनिवारी पहाटे बॉनेट उघडून लावते," ती म्हणाली. "हायवेवरून यांना सुखरूप आण म्हणून."

वर्षभर हिला गाडीची वैरीण म्हणत होतो मी, गाढव कुठला.

नानांनी फडक्यानं टोपी पुसली, वाळवली. गाडी अर्ध्या चावीला सुरू झाली. "अक्का, पूजा करा," नाना पुढच्या चाकाकडे बोट दाखवत म्हणाले, "पन चाकले करा."

भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सुनंदानंच कळवलं. मग चपला घालून माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. कुठं निघालीस, असं मी विचारलं.

"शिरपूरला," ती म्हणाली. "घरी बसून काळजी करण्यापेक्षा हे बरं."