फर्डिनंड तुस्कानोची प्रार्थनेची खोली

आळीतल्या बावीस घरांच्या फाटकांवर लाल रंगात नुसते आकडे होते. फर्डिनंड तुस्कानोच्या फाटकावर आकडा होता, आणि आकड्याभोवती गोल होता.

दुधाची पिशवी हातात धरून तो त्या गोलासमोर उभा राहिला. मग आळीच्या टोकापर्यंत गेला आणि एकेक फाटक निरखत परत आला. दुसरा गोल कुठेच नव्हता. रंग अजून ओला होता. बोट लावून पाहिलं तर बोट लाल झालं. ते त्याने घाईघाईने खिशात लपवलं.

"कोणीतरी सांगितलं," तो पुटपुटला.

संशय हा फर्डिनंडचा जुना सोबती. आगाशी आणि राजोडीच्या मधल्या या गावात त्याची सत्तर वर्षं गेली, पण त्यातली तेहेतीस एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, नट, बोल्ट आणि बेअरिंगांच्या राखणीत. समोर येणारा प्रत्येक माणूस काहीतरी लंपास करायला आलाय असं धरून चालायचं, याचा त्याला पगार मिळत होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, सवय राहिली. वाडीतला केळीचा घड उतरवला की तो फण्या दोनदा मोजायचा. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी होती. कुत्रा मरून वर्ष झालं होतं, पण ते गावाला कशाला सांगायचं?

तरुणपणी गावच्या नाताळच्या नाटकात त्याला कायम राजाचा शिपाई करायचे. मिशा होत्या ना! एका वर्षी तो एकुलतं एक वाक्य विसरला. भाला रोखून तो मांडवातल्या एकेकाच्या तोंडाकडे असा बघत राहिला, की लोकांना वाटलं, आता हा खाली उतरून कोणाला तरी धरतोच. पेट्रोमॅक्सच्या त्या पिवळ्या उजेडात चिटपाखरू हललं नाही. आणि मग काय टाळ्या पडल्या! चार पानी भाषण पाठ केलेला बिचारा राजा बघतच राहिला. तसे मांडव आता नाहीत, तशा टाळ्याही नाहीत. फर्डिनंडची नजर मात्र आहे तशीच राहिली.

या वेळी मात्र त्या नजरेमागे भीती होती. घरामागे, बावखलाच्या काठाला, म्हणजे वाडीला पाणी पुरवणाऱ्या त्या जुन्या तळ्याच्या काठाला, त्याची एक लांबलचक खोली होती. पालिकेच्या कागदावर तिचा वापर लिहिला होता: प्रार्थनागृह. म्हणून तिला कर नव्हता. आणि ते लिहिलं तेव्हा खरंही होतं. त्याची बायको जुलियाना गुडघ्यांनी अधू झाली, देवळापर्यंत जाववेना, म्हणून त्याने ती बांधली होती. आळीतल्या वीस-बावीस बायका संध्याकाळी तिथे माळेची प्रार्थना करायला जमायच्या. वेलंकनी मातेची मूर्ती, समोर दिवा, भिंतीला लागून बाकं, आणि जुलियानाचा तो किंचित चिरका, पण कधीच न चुकणारा सूर.

जुलियानाला जाऊन पाच वर्षं झाली होती. बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. मग विरारचा विकी डेकोरेटर आला. त्याला सामान ठेवायला जागा हवी होती. आता मूर्तीच्या मागे मखमली पडदा होता, आणि पडद्याआड लग्नाची लाल सिंहासनं, सोनेरी खांब, पाचशे खुर्च्या. भाडं महिन्याच्या महिन्याला येत होतं. पण कागदावर अजून प्रार्थनागृहच. कागद खोटा पडू नये म्हणून फर्डिनंड रोज सकाळी सात वाजता जाऊन मूर्तीपुढे दिवा लावायचा, दार सताड उघडं ठेवायचा आणि रस्त्यावरून कोण कोण बघतंय ते पाहायचा. चार वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

हे उघड झालं तर मागचा सगळा कर दंडासकट भरावा लागला असता. ते एक वेळ जमलं असतं. पण मे महिन्यात आळीच्या क्रुसापाशी माळ सांगायचा मान तुस्कानोंच्या घराण्याचा होता. त्याचे वडील सांगायचे, थोरला भाऊ सांगायचा, आता तो. देवाच्या नावाआड कर चुकवणाऱ्याच्या मागे कोण प्रार्थना म्हणेल?

संशयितांत पहिली होती शेजारची क्लेमेंटीन, थोरल्या भावाची विधवा. कुंपणापाशी ती सोनचाफ्याच्या कळ्या खुडत होती.

"वहिनी, तुमच्याकडे पालिकेचं कोणी आलं होतं?"

"आले होते दोघं जण. घरपट्टीच्या मोजणीचे आकडे टाकून गेले. का रे?"

"काही विचारलं?"

"विचारलं ना. पाणी आहे का म्हणाले. दिलं."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल काय विचारायचं, फर्डी? तू काय मंत्री आहेस?" क्लेमेंटीनने कळ्यांची परडी कमरेवर घेतली. "आणि तो दिवसाढवळ्या खिशात हात कसला? बिडी लपवतोस का?"

बाई उडवाउडवी करतेय, फर्डिनंडने ताडलं. मग तिचा मुलगा, बँकेत नोकरीला असलेला ॲलिस्टर. गेल्या नाताळला त्याने त्या खोलीचा फोटो काढला होता. कशाला?

रविवारी देवळात मिस्सेला तर कहरच झाला. शुभवर्तमान नेमकं त्या नाण्याचं आलं. येशूला पेचात पकडायला आलेले लोक विचारतात, राजाला कर द्यावा का, आणि तो त्यांच्याकडूनच नाणं मागून घेतो, त्यावरचा राजाचा मुखवटा दाखवतो आणि म्हणतो, राजाचं राजाला द्या, देवाचं देवाला. फादर प्रवचनाला उभे राहिले.

"रस्त्यात खड्डा आहे म्हणून मी कर भरत नाही, असं मला पुष्कळ जण सांगतात," ते म्हणाले. "खड्ड्याबद्दल भांडा की! मी येतो तुमच्याबरोबर. पण भांडणाऱ्याचे हात आधी स्वच्छ पाहिजेत. कर भरणं ही सरकारवर मेहरबानी नाही. तो शेजाऱ्याच्या पाण्यातला, दवाखान्यातला आपला वाटा आहे. आणि देवाचा वाटा म्हणाल, तर तो पैशात नाहीच. नाण्यावर राजाचा मुखवटा होता. तुमच्या-आमच्यावर कोणाचा आहे?"

फादर तिसऱ्या बाकाकडे बघत होते. तिसऱ्या बाकावर फर्डिनंड होता. त्याच बाकावर आणखी सहा जण होते, हे त्याच्या लक्षात आलं नाही. दान गोळा करणारी पिशवी समोर आली तेव्हा त्याने नेहमीच्या दुप्पट पैसे टाकले, आणि कोणी पाहिलं का, ते पाहिलं.

मंगळवारी ती आली. पालिकेचं ओळखपत्र गळ्यात, हातात टॅब, पायात धुळीने माखलेल्या चपला. पंचवीस-सव्वीसची मुलगी. फाटकाबाहेरूनच तिने हाक मारली.

"काका, कुत्रा बांधलाय का?"

"कुत्रा नाही."

"पाटी आहे ना."

"पाटी आहे," फर्डिनंड म्हणाला. "नाव काय तुझं? आणि कुठली तू?"

"जागृती. कामणची. आधी जरा पानी द्याल का, काका?"

पाणी पिऊन तिने घर मोजलं, पडवी मोजली, आणि सरळ मागच्या खोलीकडे निघाली. फर्डिनंड मागोमाग. दिवा तेवत होता. मूर्तीच्या निळ्या झग्यावर सकाळचं ऊन पडलं होतं. मागे पडदा, मरून रंगाची मखमल, सोनेरी झालर. कुठल्याही नाट्यगृहात शोभला असता.

"याच्या मागे काय?"

तेहेतीस वर्षं फर्डिनंडने हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता. आता वाक्य त्याचं होतं, आणि या वेळी तो विसरला नाही.

"खुर्च्या. प्रार्थनेच्या."

जागृतीने पडद्याकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं. मग तिने उंबऱ्याबाहेर जाऊन चपला काढल्या, आत येऊन हात जोडले आणि डोळे मिटले. टॅबवर काहीतरी टिपलं. पडद्याला हातही लावला नाही.

सुटलो, असं फर्डिनंडला वाटतं न वाटतं, तोच ती म्हणाली, "काका, एक काम कराल? माझ्या आईचं शुक्रवारी ऑपरेशन आहे. पुतळाबाई नाव. तुम्ही रोज इथं बसता, तर तिच्यासाठी एक मेणबत्ती लावाल?" आणि तिने दहा रुपयांचं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

ती गेल्यावरही तो ते नाणं घेऊन उभा होता. पहिला विचार आला तो सापळ्याचा. खुणेच्या नोटा देऊन लोकांना पकडतात, पेपरात वाचलं होतं. त्याने नाणं उन्हात उलटसुलट करून पाहिलं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला दहाचा आकडा. खूण कुठेच नव्हती. साधं नाणं, घामाने ओलं झालेलं.

शुक्रवारी त्याने मेणबत्ती आणली. दहा रुपयांत आली नाही, वर पंधरा घातले. मूर्तीपुढे लावली, गुडघे टेकले आणि पुतळाबाईचं नाव घेतलं. पुढे काहीच येईना. सवयीने त्याची नजर दाराकडे गेली, रस्त्यावर कोण आहे ते बघायला. पुन्हा वळला, पुन्हा नाव घेतलं. नजर पुन्हा दाराकडे. चार वर्षं तो या मूर्तीपुढे रोज येत होता आणि एकदाही तिच्याशी बोलला नव्हता. मातेला त्याने स्टोअरच्या दारावरच्या वॉचमनसारखं उभं केलं होतं. मागे लग्नाची सिंहासनं, पुढे ती. तिकडे कामणची कोणी पुतळाबाई ऑपरेशनच्या टेबलावर होती, आणि तिच्या मुलीने भरवसा ठेवला होता तो या खोलीवर.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून, जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन तो प्रभाग कार्यालयात गेला. कर विभागात हरेश्वर नावाचे कारकून बसले होते. फर्डिनंडने सगळं सांगितलं. हरेश्वरांनी पेन खाली ठेवलं.

"नोटीस आलीय का तुम्हाला?"

"नाही."

"मग कोणी तक्रार केली?"

"नाही हो."

"मग आलात कशाला?"

"म्हणूनच आलो. उद्या नोटीस आल्यावर आलो, तर त्याला काय अर्थ?"

हरेश्वरांनी त्याच्याकडे पाहिलं. ती नजर फर्डिनंडने लगेच ओळखली. स्टोअरच्या दारात एखाद्या फिटरचा जेवणाचा डबा जड लागला की तो त्याच्याकडे अशाच नजरेने बघायचा.

"काका, खरं सांगा. वर मजला चढवायचाय? निवडणुकीला उभे राहताय? शेजाऱ्याला अडकवायचंय?" हरेश्वरांनी टेबलावरून जरा पुढे वाकून विचारलं, "खिशात मोबाईल चालू नाही ना?"

फर्डिनंडने मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "बघा. पाहिजे तर पिशवीपण तपासा."

शेवटी अर्ज मिळाला. 'वापर' या शब्दापुढे त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: गोदाम. खाली आणखी एक ओळ लिहिली, की पाहणीच्या वेळी मीच खोटं सांगितलं, यात पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचा दोष नाही. सही करत असताना जागृती आत आली.

"काका! आईचं बरं आहे हां. कालच घरी आणली. तुमची मेणबत्ती पावली बघा."

फर्डिनंडला तोंड लपवावंसं वाटलं. पण त्याने अर्ज तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला.

"पडदा मी उघडायला पाहिजे होता," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या कोणाला सापडलं असतं, तर माझी नोकरी गेली असती, काका. देव बघून मी थांबले होते."

"माहीत आहे, बाय. म्हणून तर आलो."

तिने अर्ज त्याच्या हातात परत दिला. जाताना तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि त्या नजरेत आता तपासणी होती. ती नजर तिने आपल्याकडून शिकावी, असं त्याला वाटलं नव्हतं. एकदम आठवल्यासारखं करून त्याने विचारलं, "माझ्या फाटकावर तो गोल कसला गं?"

"कुत्रा चावतो, त्याची खूण. तुमची पाटी बघून पोरांनी केली."

गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती. कोणी म्हणालं, फर्डिनंड नगरसेवक व्हायला निघालाय. कोणी म्हणालं, त्याने बदल्यात सगळ्या आळीची नावं दिली. क्लेमेंटीन कुंपणापाशी वाटच बघत होती.

"भरायचा होता तर मुकाट्याने भरायचास! आता आमच्या पडव्या मोजायला येतील ना टेप घेऊन!"

"येऊ देत, वहिनी. तुमची पडवी तर कागदावर आहे ना?"

क्लेमेंटीनने परडी उचलली आणि ती घरात निघून गेली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ॲलिस्टर आला. खुर्चीच्या टोकावर बसला, सरबत अर्धंच प्यायला.

"काका, रागावू नका. पण लोकांचं म्हणणं आहे, यंदा माळ दुसऱ्या कोणीतरी सांगावी. एकाआड एक घरं बोलतायत."

"कोण सांगणार?"

"मला म्हणतायत."

नाताळला काढलेला तो फोटो फर्डिनंडला आठवला. विचारावं की नाही, हे ठरायच्या आधीच त्याच्या तोंडून निघालं. "तू त्या खोलीचा फोटो कशाला काढला होतास रे?"

ॲलिस्टर गोंधळला. "जुलियाना काकीचं बाक होतं ना त्यात. मम्मीला पाहिजे होता."

फर्डिनंडने सरबताचा अर्धा पेला त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "सूर वरचा लावू नकोस. तुझ्या बापाचाही माळेच्या मध्यावर, तिसऱ्या गूढाला घसा बसायचा. खालून सुरुवात कर."

पहिल्या संध्याकाळी तो क्रुसापाशी शेवटच्या रांगेत उभा राहिला. ॲलिस्टरने सूर वरच लावला आणि तिसऱ्या गूढाला त्याचा घसा बसला. मागून फर्डिनंडने तो उचलला. पुढच्या दोन-तीन बायकांनी मान वळवून पाहिलं, पण म्हणायचं थांबवलं नाही. प्रार्थना संपल्यावर उकडलेल्या चण्यांचा वाटा क्लेमेंटीनने त्याच्या ओंजळीत टाकला. मूठ भरून टाकला.

मूर्ती आता घरात होती, जुलियानाच्या शिवणयंत्रावर. मागच्या खोलीत पडदा काढून विकीने सिंहासनं दारापर्यंत रचली होती, आणि करही लागू झाला होता. फाटकावरची कुत्र्याची पाटी फर्डिनंडने उतरवून वाडीतल्या काटक्यांच्या ढिगात टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याचा हात आपोआप काडेपेटीकडे गेला. मग तो थांबला. आता हा दिवा कोणाला दाखवायचा नव्हता. त्याने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. खिडकीकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं.

त्याने काडी ओढली.