मान हलवली ती ओल

“अगं, बेल म्हंजे भारा. आपला पेंढ्याचा भारा असतोय ना, तसा पुठ्ठ्याचा भारा. त्यात घाबरायचं काय?”

“आन रिजेक्ट?”

“रिजेक्ट म्हंजे फोल. पाखडल्यावर सुपातनं उडून जातंय ना, ते. ह्ये चकचकीत वेफरचं पाकीट बघ. आतनं चांदी, भायेरनं प्लास्टिक. कुनी घेत नाय. टाक तिकडं.”

“आन मॉइश्चर गं? परवा हरेशदादा सारका सारका म्हनत व्हता.”

गौराबाईचा बाटलीवरचा हात थांबला. “ती हापिसातली भानगड हाय. आपल्याला नाय लागत. तू बुचं काड.”

विचारणारी इंदूबाई, आठवड्यापूर्वी कामाला लागलेली. सांगणारी गौराबाई, लोधिवलीची. खालापूरच्या बाजूला हायवेलगत सुक्या कचऱ्याची शेड आहे, तिथं वर्गीकरणाच्या बायांत ती सगळ्यांत जुनी. जन्म भातशेतीत गेलेला. शेडमधला प्रत्येक शब्द तिनं शेतावर नेऊन बसवला होता. पाण्याची बाटली म्हणजे पेट, तिचा ढीग वेगळा. शाम्पूचा जाड डबा म्हणजे एचडी, दुधाची पिशवी म्हणजे एलडी, त्यांचे वेगळे. कोलमचं आणि जयाचं भात एका कणगीत घालतो का आपण? मग हेही नाही घालायचं. बाया तिला मास्तरीण म्हणायच्या. तिला ते आवडायचं.

तिथंच घोळ झाला. महिन्याभरापूर्वी मॅनेजर हरेशनं सगळ्यांना गोळा केलं. भिसेगावचा पोरगा, बोलायला सरळ, पण पुठ्ठा घेणाऱ्या कागद मिलवाल्यांचे शब्द तसेच्या तसे फेकायचा. “पुठ्ठ्यात मॉइश्चर जास्त नको. कळलं का?” बायांनी गौराबाईकडं बघितलं. गौराबाईनं मान हलवली. मास्तरणीनं कसं विचारायचं?

मार्चचं ऊन. पुठ्ठा वाळून कडकडीत झालेला, बेल बांधायच्या दाबयंत्रात बसेना, धुरळा नाकातोंडात. पेंढ्याचा भारा बांधताना बंदावर पाणी शिंपडायचं, नाहीतर बंद काडकन तुटतो, हे तिच्या हाताला लहानपणापासून माहीत. तिनं एका डबड्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि पुठ्ठ्यावर पाणी शिंपडलं. बेल कशी घट्ट, देखणी बसली. मग रोजच शिंपडायला लागली. वाडीवरचा नागू दाबयंत्राचं बटण दाबायचा.

इंदूबाईनं बुचं काढायला घेतली आणि फाटकात टेंपो मागं मागं आला. काल कागद मिलला गेलेला माल जसाच्या तसा परत.

हरेश तोंड लाल करून उतरला. “मिलवाल्यानं बेलमध्ये मशीनची सुई खुपसली. आत ओल! वजन वाढवायला पाणी मारता, चोर आहात, असं म्हणाला चार लोकांत. दहा वेळा सांगितलं, मॉइश्चर नको, मॉइश्चर नको!”

तेव्हा गौराबाईला कळलं. मॉइश्चर म्हणजे ओल. एवढंच. भात खळ्यावरून घरात न्यायच्या आधी दाताखाली दाणा धरून जी बघतो, ती ओल. अख्खा जन्म ती ओळखण्यात गेला आणि इथं तिनं ती स्वतःच्या हातानं घातली होती.

“दाबयंत्रावर कोण होतं?” हरेशनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नागूकडं वळला. “तूच ना रं? उद्यापासून येऊ नको.”

नागू हातमोज्यांसकट फाटकाकडं वळला. गौराबाईचं तोंड उघडलं आणि मिटलं. बाजूला इंदूबाई उभी होती. सकाळीच हिला सांगितलेलं, आपल्याला नाय लागत. दिवस तसाच गेला. डबडं तिनं रिजेक्टच्या ढिगात खाली खुपसून ठेवलं. हे करतानाही आपण काय करतोय ते तिला चांगलं कळत होतं.

घरी भाकरी मोडली, खाल्ली नाही. सुनेनं विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी नागू आला तो शेडचे हातमोजे परत करायला. धुऊन, वाळवून आणलेले. ते धुतलेले मोजे बघितले आणि गौराबाई हातातली बाटली टाकून पुढं आली.

“हरेशदादा, पानी मी मारलं.”

“तुमी? गौराबाई, तुमाला तर सगळं येतंय.”

“नाय येत. मॉइश्चर म्हंजे काय ठावं नव्हतं. मान हलवली निस्ती. वजनापायी नाय मारलं रं, भारा बसावा म्हनून मारलं.” तिनं ढिगात हात घालून डबडं काढलं आणि हरेशच्या टेबलावर ठेवलं. कुणीतरी मागून खुसकन हसलं. “मास्तरीन गं!”

हरेशनं डबड्याची भोकं बघितली. मग नागूला म्हणाला, “काल बोलला का नाय रं? तुला दिसत व्हतं ना?”

“दिसत व्हतं,” नागू म्हणाला. “माजं कोन ऐकनार व्हतं?”

हरेशनं मोजे परत त्याच्याकडं सरकवले. “घाल मोजे. काम सुरू कर.”

“नागू, चुकलं रं माजं,” गौराबाई म्हणाली. “कालच बोलाया पायजे व्हतं.”

“व्हय. कालच,” नागू म्हणाला. मोजे चढवत दाबयंत्राकडं गेला. दुपारी तिनं त्याच्या पुढं भाकरी आणि सुकटीची चटणी ठेवली. त्यानं आपलाच डबा उघडला.

परत आलेल्या बेल फोडून सुकवायच्या होत्या. गौराबाई पक्कड घेऊन मागच्या अंगणात गेली. तार तोडली की पुठ्ठा फुगून बाहेर यायचा, कुबट वास मारायचा. खळ्यावर भात पसरावं तशी ती एकेक पुठ्ठा उन्हात पसरत चालली. इंदूबाई मदतीला आली. पुठ्ठा उलगडता उलगडता म्हणाली, “आन ते कंटामिनेशन म्हंजे गं?”

गौराबाईनं तिच्याकडं बघितलं नाही.

“अर्धं ठावं हाय. मालात घान मिसळती, ते. बाकी हरेशला इचारू. ती कड धर, उलटी कर. खालनं अजून वली हाय.”