बँडच्या गाडीचा हप्ता

गाडी ओढून न्यायला आम्ही कडेगावजवळच्या त्या गावात पोचलो, तेव्हा तिच्यापुढे नवरदेवाची मिरवणूक नाचत होती.

मी तेव्हा एका सहकारी बँकेच्या विटा शाखेत रिकव्हरी ऑफिसर होते. थकलेली कर्जं वसूल करणं हे माझं काम. गाडी पोपटआण्णांची. टेम्पोवर स्पीकर, लायटिंग आणि ऑर्गन बसवलेली बँडची गाडी. आण्णा स्वतः ट्रम्पेट वाजवायचे. खातं एनपीए झालं होतं, म्हणजे हप्ता तीन महिन्यांहून जास्त थकला होता. नोटिसांना उत्तर नव्हतं.

मला बघताच आण्णांचा सूर चुकला. ते गर्दीतून बाहेर आले.

"म्याडम, गाडी न्या तुमी. न्हाई म्हणत न्हाई. पर नवरदेव तेवढा मांडवात पोचू द्या."

आमचा ड्रायव्हर कानाशी पुटपुटला, "मॅडम, आत्ता गाडी ओढली तर गाव आपल्याला ओढील."

मी थांबले. तेवढ्यात नवरदेवाच्या आत्यानं माझा हात धरला. तिला मी नवरीकडची वाटले.

"आवं, अशा लांब काय हुब्या? या की!"

आणि मी नाचले. जप्तीला जाऊन कर्जदाराच्याच बँडवर नाचणारी मी बँकेतली पहिलीच असेन. बँड खरंच झकास होता.

अक्षता पडल्यावर आण्णांना मांडवामागं गाठलं.

"आण्णा, बँकेत का नाही आलात?"

"काय तोंड घिऊन येऊ? पावसाळ्यात लग्नं न्हाईत, हप्ता मातूर दर म्हैन्याला हुबा. एक चुकला, त्यावर दंड चढला. मग नुसता फोन वाजला तरी छातीत धडधडायचं."

लग्नसराई नुकतीच सुरू झाली होती. उन्हाळ्यापर्यंतच्या सुपाऱ्या ठरल्या होत्या. गाडी लिलावात काढली असती तर कर्ज फिटलं नसतंच, वर वाजवणारी सगळी मंडळी घरी बसली असती. मी रिकाम्या हाताने परतले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "गाडी कुठंय?"

"लग्नात."

"आणि तुम्ही?"

"मीही लग्नातच होते, सर."

ते हसले नाहीत. मी रिस्ट्रक्चरिंगचा प्रस्ताव पुढे ठेवला. रिस्ट्रक्चरिंग म्हणजे कर्ज तेच, फेडायची पद्धत बदलायची.

"सर, शेतकऱ्यांना उसाचं बिल आल्यावर भरायची सवलत आपण देतोच की. बँडवाल्याचं बिल लग्नसराईत येतं."

साहेबांनी आण्णांना बोलावून खोदून खोदून विचारलं. आण्णांनी लाडकी बुलेट विकून थोडी रक्कम आधी भरली. मग हेड ऑफिसनं मंजुरी दिली. दंडव्याज माफ, लग्नसराईत मोठे हप्ते, पावसाळ्यात फक्त व्याज.

पुढं त्यांचा एकही हप्ता चुकला नाही. शेवटचा भरायला आण्णा अख्खा बँड घेऊन आले. लाल कोट, सोनेरी झालर, सगळा थाट. शाखेच्या दारात असा काही ठेका धरला, की कॅशियर काउंटर बंद करून बाहेर आला. पाठोपाठ साहेब आले. त्यांनी दोन्ही हात वर केले, तेव्हा स्टाफनं शिट्ट्या मारल्या.

हप्ता झेपत नसेल तर लपू नका, बँकेत जा. आम्ही तुमच्या दारात येण्याआधी तुम्ही आमच्याकडे आलात, तर बसायला खुर्ची आणि चहाही मिळतो.