मिस आयडेलाची पट्टी

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, दुपारची जेवणं उरकली की अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराच्या पश्चिम भागातला काळ्या संगीतकारांचा क्लब चर्चच्या तळघरात जमतो आणि आपल्या मेलेल्यांची हजेरी घेतो. चिटणीस नाव पुकारते. ज्याने ते नाव पत्करलं असेल तो उठून ‘हजर’ म्हणतो आणि त्या माणसाची एखादी ओळ गातो किंवा वाजवतो. नाव तीनदा पुकारतात. तिसऱ्यांदाही कोणी गायलं-वाजवलं नाही, तर त्या नावावर रेघ ओढली जाते आणि पुढच्या वर्षीपासून ते कुणी उच्चारत नाही. एकेकाळी यादीत एकेचाळीस नावं होती. १९९४ साली सतरा उरली होती.

व्हर्लिन टँडी तीस वर्षं मिस आयडेला प्रुइटच्या नावाला उभी राहत आली होती.

मिस आयडेला खालच्या, भरदार आवाजाची. व्हिएन्नात शिकली, युरोपातल्या सात शहरांत गायली. गावी परतली तेव्हा इथल्या मोठ्या सभागृहाने तिला काळ्यांसाठी राखलेल्या वरच्या सज्ज्याचं तिकीट देऊ केलं, रंगमंच दिला नाही. मग ती शाळांच्या व्यायामशाळांत आणि चर्चमध्ये गायली आणि दर बुधवारी शिकवण्या घेत राहिली. व्हर्लिन तिची शेवटची विद्यार्थिनी. पातळ, उंच, स्वच्छ आवाजाची. पोटापाण्यासाठी तिने पोस्टात पत्रं वेगळी केली आणि तिथूनच निवृत्त झाली. तिचं गाणं म्हणजे वर्षातून एकदा, बाईंच्या आवडत्या जर्मन गीताच्या चार ओळी. त्याही स्वतःच्या पट्टीत, बाईंच्या पट्टीच्या पुष्कळ वर. कारण एकदा शिकवणीत ती गमतीने बाईंसारखं खाली गायला गेली, तेव्हा बाईंनी पियानोचं झाकण लावलं होतं.

“ही पट्टी माझी आहे. इथे पाय ठेवायचा नाही.”

बाई १९६३ च्या नोव्हेंबरात गेल्या. व्हर्लिनने त्यानंतरही पाय ठेवला नव्हता.

१९९४ च्या जानेवारीत, एकाहत्तराव्या वर्षी, व्हर्लिनच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं परत येईल, वरचे सूर विसरा, असं डॉक्टर म्हणाले. मार्चमध्ये बोलणं आलं, पण खालच्या, जड आवाजात. मावसबहिणीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, “कोण बोलतंय? जरा व्हर्लिनला द्या हो.”

त्याच सुमारास तो श्वास ऐकू यायला लागला. स्वयंपाकघरात, जिन्यात, दाराशी. नाकाने ओढलेला, लांब, शेवटी बारीकसा हिसका. मिस आयडेला गाणं सुरू करण्याआधी असाच श्वास घ्यायची. व्हर्लिनने दोनदा मागे वळून पाहिलं, एकदा कपाटही उघडलं. मग तिच्या ध्यानात आलं, की तो नेहमी ती बोलायच्या अगदी आधी येतो. श्वास तिचाच होता.

ती चिटणीस श्रीमती यान्सींकडे गेली. “या वर्षी मला नुसतं ‘हजर’ म्हणू द्या.”

“नुसतं हजर म्हणायला ही काय शाळा आहे, सिस्टर टँडी?” यान्सी चर्चच्या रीतीने म्हणाल्या.

“मग नाव दुसऱ्या कुणाला द्या.”

“कुणाला? अगं, आहे कोण? माझ्या वडिलांचं व्हायोलिन वाजवणारं कोणी मिळालं नाही, तर त्यांच्या नावावर मी याच हाताने रेघ ओढली. तुझ्या बाई काय वरून आल्यात?”

रविवारी तळलेलं चिकन आणि बटाट्याचं सॅलड खाऊन झाल्यावर मंडळी खुर्च्या वळवून बसली. पियानोवर होरेस बिब होते, वय त्र्याऐंशी. मिस आयडेलालाही तेच साथ करत. क्लबात सगळे त्यांना मिस्टर बिब म्हणत, व्हर्लिनसुद्धा.

“आयडेला प्रुइट.”

व्हर्लिन उठलीच नाही. कोणीतरी खोकलं.

“आयडेला प्रुइट.”

ती उभी राहिली. “हजर.”

तीन-चार माना वळल्या. मिस्टर बिबनी नेहमीच्या पट्टीत सुरुवात केली. व्हर्लिनने तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. तेच. श्रीमती यान्सींनी पेनाचं टोपण काढलं आणि कागदाकडे बघतच तिसऱ्यांदा म्हणाल्या, “आयडेला प्रुइट.”

मिस्टर बिबचे हात खाली सरकले. तेच सुरुवातीचे सूर त्यांनी मिस आयडेलाच्या जुन्या पट्टीत धरले.

“तिथे नको, मिस्टर बिब.”

“मग कुठे? वर काय उरलंय तुझं?”

ते वाजवत राहिले. तेच सूर एकदा फिरून आले, दुसऱ्यांदा आले. यान्सींच्या पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं. तेव्हा तळघरात तो श्वास ऐकू आला, लांब, शेवटी हिसका असलेला. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हातातली काठी घट्ट धरली. व्हर्लिन गायला लागली.

ज्यांनी मिस आयडेलाला ऐकलं होतं, त्यांच्यापैकी कोणी गाणारीकडे पाहिलं नाही. ते जमिनीकडे बघत बसले. दुसऱ्या ओळीत पियानो अडखळला आणि थांबला. गाणं थांबलं नाही. उरलेल्या ओळी साथीविनाच, भरदार आवाजात संपल्या.

यान्सींनी नावापुढे खूण केली.

मिस्टर बिब पाठमोरेच होते. “माफ करा, मिस आयडेला,” ते म्हणाले. “दुसऱ्या ओळीत चुकलो मी.”

व्हर्लिनला सांगायचं होतं, अहो, मी आहे.

“चालायचंच, होरेस,” ती म्हणाली.

हजेरी संपल्यावर बायकांनी उरलेलं चिकन तिला बांधून दिलं. छातीचं हवं की मांडीचं, असं कोणीतरी विचारलं. तिने बोटाने दाखवलं. कुणी घरी सोडू का म्हणालं, तर तिने मान हलवली आणि दहा चौक चालत गेली, ओठ मिटून, वाटेत भेटलेल्यांना नुसता हात करत.