निर्यातीचं कुलूप

नारायणआप्पा कांद्याची गोणी तोंडाशी बघून कधीच घेत नसत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळातला कांदा काढून दाबून बघायचे आणि मगच भाव बोलायचे. शिरूरच्या मार्केट यार्डात त्यांचा गाळा होता, आणि आमच्या सहकारी बँकेचे ते चेअरमन होते. मी त्या बँकेतला पहिला कॉम्प्युटरवाला. आमच्या घरातला पहिला पदवीधरही मीच. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिरूर आणि दौंडच्या शाखा फोनलाइननं जोडायचं ठरलं. लाइनवरून जाणारे हिशेब मध्येच कुणी वाचू नयेत म्हणून त्यांना कुलूप घालणारं सॉफ्टवेअर लागतं. पुण्याच्या विक्रेत्यानं अमेरिकेचं आणलं. म्हणाला, "ही निर्यातीची आवृत्ती आहे."

"म्हंजी निवडक माल," आप्पा खूश झाले.

विक्रेता घुटमळला. पक्कं कुलूप देशाबाहेर विकायला तिथल्या सरकारची बंदी होती. बाहेरच्यांना मिळायचं ते कच्चं.

"आमी चांगला कांदा भाईर धाडतो आन् उरलेला घरी खातो. तुमचं उलटंच हाय की, पाव्हणं." आप्पांनी खरेदीचा कागद सही न करताच परत सरकवला.

बँकेची निवडणूक तोंडावर आली होती. 'आप्पा कॉम्प्युटरला भितो,' असा विरोधकांनी गावभर बोभाटा केला. मी म्हणालो, "आप्पा, सही करा. आपल्या एवढ्याशा बँकेचं कुलूप कोण फोडत बसतंय?"

"साहेब, तुमच्या आईची ठेव हाय ना आपल्याकडं? तिला इचारून या."

आईला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आप्पा नगं म्हणत्यात तर नगं."

आप्पांनी भर सभेत सांगितलं, "पक्कं कुलूप मिळंस्तवर लाइन जोडायची न्हाई. खुर्ची गेली तर जाऊ द्या."

खुर्ची गेली.

पुढं अमेरिकेनं बंदी सैल केली आणि पक्कं कुलूप आलं. नव्या चेअरमननी दौंडला फीत कापली. पण खातेदार भिंतीला टेकून नुसते बघत राहिले.

"शिरूरचं पैसं तारंतून यायचं म्हणं," एक जण हसला. पुढं कुणी येईना.

तेवढ्यात आप्पा एसटीनं येऊन दारात उभे. मी आत खुर्ची ओढली.

"आत कशाला? मी आता खातेदार." मग काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "पक्कं हाय?"

"पक्कं आहे, आप्पा. मी स्वतः तपासलंय."

त्यांनी शिरूरच्या खात्यातून पैसे काढायच्या स्लिपवर सही केली, नोटा न मोजता खिशात घातल्या आणि भिंतीकडं वळले.

"बघताय काय? या पुढं. साहेबांनी तपासलंय."