आत्याने धवला बंद केला त्याची गोष्ट

आमच्या राहनाळच्या आत्याएवढं तरुण माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात सापडायचं नाही, आणि तिला नातजावई आलेत. गुडघ्यापर्यंत लुगडं, तोंडात मशेरी आणि पायात भाच्याने टाकून दिलेले लाल स्पोर्ट्सचे बूट. पोरांच्या बाइकवर मागे बसते आणि हळू चालवली की पाठीत बुक्का घालते. शेजारच्या पोराने केस सोनेरी केले तेव्हा गावाने नाकं मुरडली. आत्याने उरलेला रंग मागून घेऊन स्वतःच्या वेणीला फासला. "वाया कशाला घालवायचा?" एका काकांनी "काय हा अवतार!" म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्या टकलावर फासू कं?"

पण तिला चेष्टेवारी नेण्याची कुणाची छाती नाही, कारण ती धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासूनचे विधी ती धवले गाऊन लावते. ती नाही तर लग्न नाही.

गेल्या वर्षी गावच्या कमिटीने ठराव केला: हळदीत डीजे बंद, पोरांचा नाच बंद. म्हणे संस्कृती बुडते! पोरांना विचारलंसुद्धा नाही. आत्या देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होती. म्हणाली, "बरं. मंग धवलाबी बंद."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. आठ दिवसांवर त्यांच्याच नातीची हळद होती. "आत्ये, धवला आपली संस्कृती हाय."

"आनि पोरां कोनाची हायत? दिवसभर गोडावनात खोकी उचलतात, तवा दिसतात कं तुमाला? हलदीला नाचतात तवा दिसतात, तर तेबी खुपतं!"

अध्यक्ष तडक दिघाशी गावच्या धवलारणीकडे गेले. तिने चहा पाजला आणि हात जोडले. आत्याचा फोन आधीच गेला होता. झक मारत ठराव मागे घ्यावा लागला. मला तर काय आनंद झाला म्हणून सांगू!

हळदीच्या संध्याकाळी आत्या मांडवात बसली तशी पोरांनी आपणहून डीजे थांबवला आणि सगळी गपचूप मांडी घालून बसली. आत्या खेकसली, "कोन मेलं कं?" मग गायला लागली, पण दुसऱ्याच कडव्याला दम तुटला. सोनेरी केसांच्या पोराने धावत जाऊन माइक आणला आणि तिच्या तोंडाशी धरला. डीजेच्या थोराड पेट्यांमधून तिचा थकलेला आवाज पार गोडाउनांपर्यंत गेला. ती दचकलीच. "अगो बाय! माझा आवाज एवढा हाय?"

विधी झाले, पोरं पुन्हा नाचायला लागली. मी तिच्याजवळ बसलो. तिच्या सुनांना धवला येत नाही, लेकींनाही नाही. न राहवून विचारलं, "आत्या, तुझ्यामागे कोण गाणार गं?"

ती पोरांकडे बघत म्हणाली, "न्हाय गायला तर न्हाय गायला. ही पोरां त्यांचं कायतरी गातील. गप बसाया नको, एवढंच."

तिला नाचायला जायची घाई होती. बुटाची नाडी सुटली होती आणि वाकता येत नव्हतं, म्हणून ती मी बांधली.